इंगळे सरांचा उजवा खांदा

इंगळे सरांशी बोलायचं म्हणजे त्यांच्या पाठीशी बोलायचं. मी इंदूरला, परदेशीपुऱ्यात मावशीकडे राहायला आले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, हा माणूस फार गर्विष्ठ असावा. मावशीच्या मागच्या खोलीची खिडकी व्यायामशाळेच्या अंगणात उघडायची. तिथे मल्लखांबापाशी पांढरी बंडी घातलेला, रुंद पाठीचा एक माणूस रोज संध्याकाळी उभा असे. येणारेजाणारे इंदुरी थाटात भैयाचं भिया करून हाक मारत, "माधव भिया, राम राम." तो मान न वळवता म्हणे, "राम राम, राम राम." कोण आहे ते आवाजावरून ओळखायचा. नाही ओळखलं तरी त्याचं काही अडायचं नाही.

मावशीने मला समजावलं. खांबावर पोर असलं की सर दुसरीकडे बघत नाहीत. पाहुणा येवो, सासरा येवो, पोलीस येवो. पोर खाली उतरून मातीला पाय लागले की मग वळतील, हसतील, चहा मागतील. तोपर्यंत दुसरं पोर वर चढलेलं असे. त्यामुळे सरांनी आयुष्यभर चहा गारच प्यायला.

एकदा आमच्या वॉर्डातले एक नेते हार घेऊन आले. सोबत फोटोवाला, चार-पाच माणसं. सर म्हणाले, "जरा थांबा, लेकरू वर आहे." नेते थांबले. लेकरू उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. शेवटी कंटाळून त्यांनी मागूनच सरांच्या गळ्यात हार टाकला. फोटोत सरांची पाठ आणि नेत्यांचा चेहरा, असंच आलं. रात्री जेवताना सरांनी बायकोला, आमच्या काकूंना, विचारलं, "आज तो हार घालायला आला होता, कोण होता गं?" काकूंनी ही गोष्ट पुढे इतक्या लोकांना सांगितली की शेवटी ती नेत्यांच्याही कानावर गेली. ते म्हणाले म्हणे, एक हाच आदमी आहे ज्याला आमच्याकडून काही नको.

सरांचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. त्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, पण तो ते घरी ठेवून येत. व्यायामशाळेत मात्र जात, आडनाव, कूळ, काही नाही. पोरं त्यांना सरजी म्हणत. गिरणीकामगारांची नातवंडं, सांवेर रोडच्या कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्यांची मुलं, भाजीवाल्यांच्या मुली. मुलींना शिकवायला लागले तेव्हा लोक कुजबुजले. सरांनी फक्त एवढं केलं, की मुलींच्या आयांना अंगणात बाकावर बसायला बोलावलं. महिन्याभरात आया एकमेकींना भरलेली मिरची कशी करायची ते सांगत होत्या आणि मुली उलट्या लटकत होत्या.

माझ्यावर त्यांचे जे उपकार आहेत ते थोडक्यात सांगते, कारण हा लेख माझ्याबद्दल नाही. मी सेंधव्याकडच्या एका कसब्यातली. वडील शिवणकाम करायचे. घरात कॉलेजात गेलेलं कुणी नव्हतं. परदेशीपुऱ्यात कुणाचा खांदा निखळला की लोक त्याला इंगळे सरांकडे आणत. सर त्याला पालथा झोपवत, हात खाली सोडत, हळूहळू ओढत, आणि खांदा जागच्या जागी बसे. मी खिडकीतून बघायची. एकदा धीर करून विचारलं, सर, हे आत काय होतं नक्की? ते म्हणाले, "बेटा, बसतं एवढं मला माहीत आहे. का बसतं ते मला कुणी शिकवलं नाही. तू शीक ना."

मग फिजिओथेरपीचा कोर्स असतो हे त्यांनीच कुठून तरी शोधून आणलं. माझ्या वडिलांना हा शब्द कळेना. ते म्हणाले, पोरीला मालिश शिकायला पाठवू? सर बसने आमच्या गावी आले, वडिलांच्या मशीनसमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मालिशवाला मी आहे, दादा. ही शिकली की माझ्यासारख्यांच्या चुका निस्तरेल." वडील हसले. मी पदवीधर झाले ती त्या हसण्यामुळे. पुढे सर मला कधी नावाने, तर कधी डॉक्टरनी म्हणून हाक मारत. मी डॉक्टर नाही हे सांगून उपयोग नव्हता.

त्यांच्या खांद्याचं मला पहिल्यांदा कळलं ते कंगव्यामुळे. तोपर्यंत मी तुकोगंजातल्या एका रुग्णालयात नोकरीला लागले होते आणि रविवारी मावशीकडे यायची. एका रविवारी सर ओसरीवर डाव्या हाताने भांग पाडत होते. डावखुरे ते नव्हते. मग बघत राहिले. दोरीवरचा टॉवेल काढताना ते उजव्या हाताला डाव्या हाताने कोपरापासून उचलून वर नेत होते. मी विचारलं तर म्हणाले, "उम्र का तकाजा. तेल लावतोय."

काकू आतून म्हणाल्या, "तेल नाही, तेलाचा घाणा. गादीला वास, उशीला वास. आणि रात्रभर कण्हतात. विचारलं की म्हणतात, स्वप्न पडलं."

मी त्यांना दोन्ही हात समोर धरायला लावले आणि वरून थोडा दाब दिला. डावा हात दगडासारखा राहिला. उजवा खाली गेला. सरांनी स्वतःच्याच हाताकडे असं बघितलं, जसं एखादं पोर शिकवलेलं विसरलं की बघत.

हे निखळणं नव्हतं. खांद्याच्या गोळ्याभोवती चार स्नायूंचे पट्टे असतात, ते गोळ्याला खोबणीत धरून ठेवतात आणि हात वर न्यायला मदत करतात. त्यातला वरचा पट्टा हाडापासून सुटला होता. एमआरआयमध्ये ते स्पष्ट दिसलं. पण सरांच्या जन्मभराच्या अनुभवात खांद्याची एकच गोष्ट होती: जागेवरून हलतो, बसवला की बसतो. बसत नसेल तर तेल, शेक आणि पुन्हा खांबाला लटकणं. फाटलेल्या पट्ट्यावर ते रोज लटकत होते. मी म्हणाले, सर, हे शिवावं लागेल. ते म्हणाले, तुझे वडील शिवतात तसं? मी म्हणाले, साधारण तसंच.

आता सर्जन शोधायचा होता. परदेशीपुऱ्यात प्रत्येकाकडे एक डॉक्टर होता. कुणाच्या मेहुण्याचा गुडघा बदलणारा, कुणाच्या साडूच्या गावचा. मी रुग्णालयात काम करत असल्याने मला ठाऊक होतं, की हाडांचा चांगला डॉक्टर म्हणजे खांद्याचा चांगला डॉक्टर असं नसतं. विचारायचं ते हे, की तो खांदेच जास्त करतो का, दुर्बिणीतून करतो का, पट्टा जोडला गेलाच नाही तर काय करणार, नंतरचा व्यायाम कोण करून घेणार. मी आमच्या सिनियर ताईंना विचारलं, ज्यांचे खांदे झाले होते त्या रुग्णांशी बोलले आणि तुकोगंजातल्याच एका तरुण सर्जनचं नाव पक्कं केलं. खांदा सोडून ते फारसं काही करत नसत.

सरांनी एकच अट घातली. "मी आधी त्याचे हात बघणार."

आणि त्यांनी खरंच बघितले. डॉक्टरांनी नमस्कार केला तर सरांनी त्यांचे हात हातात धरून ठेवले, अंगठा दाबून पाहिला, बोटं वाकवून पाहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर शांतपणे बसून राहिले. सर म्हणाले, "चांगले आहेत. पकड आहे." मग डॉक्टरांनी समजावायला सुरुवात केली. पूर्वी खांदा मोठा उघडत, आता दोन-चार लहान छिद्रं पाडतात. एका छिद्रातून बारीक कॅमेरा, दुसऱ्यांतून अवजारं. आत पाणी सोडून जागा करायची, हाडात छोटे खिळे बसवायचे, त्यांना जोडलेल्या दोऱ्यांनी पट्टा पुन्हा हाडाला बांधायचा. नंतर साधारण दीड महिना हात झोळीत, मग कित्येक महिने व्यायाम. सर एकेका शब्दावर मान हलवत होते. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात डॉक्टरांनी आपल्या फोनवर ऑपरेशनचा एक व्हिडिओ दाखवला. हिरव्या कपड्यातले डॉक्टर, रुग्णाचा झाकलेला खांदा, आणि समोर मोठा पडदा. सरांनी व्हिडिओ दोनदा बघितला. मग विचारलं, "साहेब, हात इथे चाललेत. तुम्ही बघताय कुठे?"

डॉक्टर म्हणाले, "पडद्याकडे."

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. आतलं सगळं तिथेच दिसतं."

सरांनी फोन परत दिला, धन्यवाद म्हटलं आणि उठले.

बाहेर येऊन त्यांनीच रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "माणूस चांगला आहे. पण मी नाही करणार."

मी खूप समजावलं. सांगितलं, की सर, कॅमेरा म्हणजे त्यांचा डोळाच आत गेलेला असतो, नुसत्या डोळ्याला दिसलं नसतं ते त्यांना दिसतं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "तुझं सही असेल. तू शिकलेली आहेस. पण मी एक गोष्ट शिकवली आयुष्यभर. ज्याला झेलायचं त्याच्याकडे बघायचं. हात आपोआप जातो. माझ्याकडे कुणी उभा असता, हात पोराखाली आणि नजर टीव्हीत, तर मी त्याला हाकलून दिला असता. आणि स्वतःचा खांदा त्याच्या हाती देऊ?"

एका आयुष्यात जी गोष्ट एकदाही खोटी ठरली नाही, ती दुसऱ्या खोलीत लागू होत नाही, हे कुणाला कसं सांगायचं?

ते मग राजवाड्याकडच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेले, कारण ते जुन्या पद्धतीने खांदा उघडून ऑपरेशन करतात असं कुणी सांगितलं होतं. त्या डॉक्टरांनी एमआरआय बघितला आणि म्हणाले, इंगळेसाहेब, आता मी स्वतः अशा खांद्यांना दुर्बिणीवाल्यांकडेच पाठवतो, आणि लवकर जा, पट्टा आखडत जातो. नाव त्यांनी तेच सांगितलं. सर घरी येऊन काकूंना म्हणाले, "सगळे आपसात मिळालेले आहेत."

काकू म्हणाल्या, "हो ना, सगळं इंदूर तुमच्या खांद्यावरच टपलंय."

त्यानंतर उन्हाळी शिबिर आलं. अंगणात पोरं मावत नव्हती. शिबिरानंतर उज्जैनची स्पर्धा, स्पर्धेनंतर नवीन प्रवेश. सर दर वेळी म्हणायचे, हे उरकलं की बघू. दुखणं मध्ये जरा कमीही झालं, आणि त्यांना वाटलं तेल लागू पडलं. दुखणं कमी झालं म्हणजे पट्टा जुळला असं नसतं, हे मी प्रत्येक रविवारी सांगायची. ते म्हणायचे, "डॉक्टरनी, पोहे खा." असं जवळजवळ वर्ष गेलं. त्यांनी उभं राहण्याची जागा बदलली होती. आता ते खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभे राहत, म्हणजे डावा हात पुढे येई. बाकावरच्या आयांना ते कळलं नाही. मला कळलं.

पायल त्या वेळी आठ-नऊ वर्षांची असेल. तिचे वडील सांवेर रोडला वेल्डर. पोरगी काटक आणि निर्भय, सरांची लाडकी. ती खांबाच्या टोकावरून उलटी सुटत होती, नेहमी करते तसंच. खांबाला चोळतात ते एरंडेल थोडं जास्त लागलं असेल. पकड सुटली आणि ती सरांच्या उजव्या बाजूने आली. मी त्या दिवशी तिथे नव्हते. रेखाताईंनी सांगितलं. रेखाताई सरांच्या जुन्या शिष्या, त्या लहान मुलांना शिकवत. त्या म्हणाल्या, सरांचा हात कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला, जसा कुणी धरून ठेवला.

पायल गादीच्या कडेवर पडली. कोपर मोडलं.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा सर अपघात विभागाबाहेर उभे होते. बाकडं रिकामं होतं, पण ते बसले नव्हते. अंगावर तीच तेलकट बंडी. मी जवळ गेले. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मी बघत होतो, संगीता. पूर्ण वेळ बघत होतो."

ते वाक्य त्यांनी त्या संध्याकाळी बऱ्याचदा म्हटलं. पायलच्या आईला, काकूंना, प्लास्टरवाल्या मुलालासुद्धा. जणू कुणीतरी त्यांच्यावर दुसरीकडे बघितल्याचा आरोप केला होता. तसा आरोप कुणी केला नव्हता. त्यांना वाईट याचंच वाटत होतं, की चूक करायची जी एकच रीत त्यांना माहीत होती, ती त्यांनी केली नव्हती, आणि तरी पोरगी पडली होती.

पायलचे वडील दुसऱ्या दिवशी इंगळ्यांच्या घरी आले. सर उठून उभे राहिले. काकू सांगतात, शिव्या खायला उभे राहतात तसे. ते वडील म्हणाले, "सरजी, प्लास्टर निकल जाए, फिर भेज दूँगा इसको. घर में बैठती नहीं है." तो माणूस गेल्यावर सर मागच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काकू मला म्हणाल्या.

त्याच आठवड्यात सर माझ्या विभागात आले. म्हणाले, "तो टीव्हीवाला डॉक्टर आहे ना? चल."

नवीन एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. वर्षापूर्वी पट्टा हाडापासून थोडाच दूर होता. आता तो आखडून पार आत गेला होता आणि त्याच्या स्नायूत बरीचशी चरबी भरली होती. डॉक्टरांनी लपवलं नाही. म्हणाले, पूर्ण जोडता येणार नाही, जेवढा येईल तेवढा जोडू. दुखणं बरंच जाईल, झोप येईल, शर्ट घालता येईल. हात खांद्याच्या उंचीपर्यंत येईल असं वाटतं. त्याच्या वर, ताकदीने, नाही.

सरांनी मागच्या वेळसारखे प्रश्न विचारले नाहीत. एकच विचारला. "लेकरू झेलता येईल?"

डॉक्टर म्हणाले, "नाही, सर."

"तेव्हा केलं असतं तर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग सरांकडे वळून म्हणाले, "तेव्हा शक्यता बरीच होती. खात्री मी तेव्हाही दिली नसती."

सरांनी मान हलवली. डॉक्टरांच्या त्या उत्तराबद्दल मला त्यांच्याविषयी कायम आदर वाटत आला आहे. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सर मोडले असते, आणि 'नाही' म्हटलं असतं तर त्यांना खोटं लगेच कळलं असतं.

ऑपरेशन झालं. नंतरचे महिने सर माझे रुग्ण होते, आणि असा रुग्ण मला पुन्हा मिळाला नाही. मी सांगितलं तेवढाच व्यायाम, त्याहून एकदाही जास्त नाही. झोळी काढायची नाही म्हटलं तर काकूंनी पाठ खाजवायला दिलेला चमचा हातात घेऊनच झोपायचे, पण झोळी नाही काढायचे. एक दिवस मी त्यांचा हात माझ्या हातांवर तोलून हळूहळू वर नेत होते, तेव्हा ते म्हणाले, "तू माझ्या तोंडाकडे का बघतेस? खांद्याकडे बघ ना."

मी म्हणाले, "सर, दुखतं की नाही ते आधी तोंडावर दिसतं."

ते म्हणाले, "मतलब, बघायच्या जागा वेगळ्या असतात." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "हे मला उशिरा कळलं."

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. झोप लागू लागली. शर्ट घालता येऊ लागला. हात खांद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा.

व्यायामशाळेच्या समितीने त्यांना खुर्ची दिली, मार्गदर्शक असं नावही दिलं. झेलायला रेखाताई उभ्या राहू लागल्या. सर खुर्चीत बसायचे, सूचना द्यायचे. लोकांना वाटलं, छान सोय झाली. मलाही तसंच वाटलं.

पायल परत आली त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले होते. कोपर मीच हलतं केलं होतं, त्यामुळे मला काळजी होती. ती चढली, आधी जरा जपून, मग पूर्वीसारखी. टोकावर पोचली आणि थांबली. सुटण्याआधी पोरं एकदा खाली बघतात, झेलणारा कुठे आहे ते. रेखाताई तिच्या बरोबर खाली, हात पसरून उभ्या होत्या. पायलने रेखाताईंकडे बघितलं नाही. तिने खुर्चीकडे बघितलं.

सर म्हणाले, "माझ्याकडे नको. ताईकडे बघ."

तिने मान हलवली, ताईंकडे बघितलं, हात सोडायला घेतला, आणि नजर पुन्हा खुर्चीकडे गेली. रेखाताई म्हणाल्या, पायल, इधर. पोरगी वर अडकून राहिली. तिच्या दंडाचे स्नायू थरथरायला लागलेले मला खालून दिसत होते.

सर उठले. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला शर्ट त्यांनी घेतला, आधी उजवा हात बाहीत घातला, मग डावा, आणि खांबाकडे न बघता फाटकातून बाहेर गेले. मी त्यांच्या मागे गेले नाही. फाटकाच्या जाळीतून ते दिसत होते. पलीकडच्या बाजूला, भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून उभे. समोरून कुणीतरी म्हणालं, "माधव भिया, राम राम." त्यांनी त्या माणसाकडे बघून, हात न उचलता, मान लववली.

आत पायल सुटली. रेखाताईंनी तिला झेललं. आया टाळ्या वाजवायला लागल्या.

मी फाटकापर्यंत गेले तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते.